मोठ्या बाईंची काठवट

शेजारीण अडली तर मोठ्या बाई गळ्यातली बोरमाळ काढून द्यायच्या, पण काठवट कुणी मागितली की ऐकूच न आल्यासारख्या चुलीत फुंकर घालत बसायच्या. मोठ्या बाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सोनपेठजवळच्या आमच्या घरातली भाकरीचं पीठ मळायची ती लाकडी काठवट आजेसासूच्याही आधीची, एकाच खोडातून कोरलेली. तळव्यांच्या घासण्यानं तिच्या मधोमध खळगा पडला होता. त्यावरून करडईच्या तेलाचं बोट फिरवत बाई म्हणायच्या, "आपल्या साऱ्या सासवा हितंच हायत. नीट वाग."

माझं माहेर पिंगळीचं. तिथं आगगाडी थांबते, एवढ्यावरून त्यांनी मला शहरातली ठरवलं होतं. माझी पहिली भाकरी तव्यावर जायच्या आधीच फाटली. "इंजिनात कोळसा घालायलीस का?" त्या म्हणाल्या. "ज्वारीला रेटायचं नसतं, समजूत घालायची असती." मग माझ्या हातांवर आपले खरखरीत हात ठेवून त्यांनी पीठ मळून घेतलं. त्या दिवसापासून मला सासर परकं वाटलं नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, शेतात न्यायचे ज्वारीचे उंडे त्याच काठवटीत, एरवीचे धपाटेही त्यातच. धपाट्यात लसूण किती घालायचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "शेजारीण इचारत आली पायजे, इतका." बाई आता नाहीत, पण धपाटे लावताना मी अजून शेजारच्या दाराकडे बघते.

आणि अशा घरात विहिरीवरच्या मोटेच्या पाळीवरून दोघा भावांचं बिनसलं. बोलचाल बंद झाली, वाटणीची भाषा निघाली. निजामाच्या कचेरीत गेलं की उर्दू कागद हाती यायचा आणि तो वाचून घ्यायला पुन्हा कुणाचे तरी पाय धरावे लागायचे. म्हणून पंच घरीच बसले. बैल, भांडी, पेवातली ज्वारी, सगळं वाटून झालं. काठवट थोरलीचीच, असं धरून तिचं कुणी विचारलंही नाही.

तेवढ्यात दाराआडून बाईंचा आवाज आला, "पाटीलमामा, काठवट धाकटीला द्या."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मला रडूच आलं. काठवट सोडली म्हणजे त्यांनी मलाही सोडलं, असंच वाटलं.

थोरल्या दिरांनी लगेच अंगणात मातीची भिंत घालायला घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गुडघ्याएवढी झाली होती. बाई पिठाची परात घेऊन ती ओलांडून आल्या आणि माझ्या चुलीपुढं बसल्या.

"सरक. काठवट तुझ्याकडं, मग मी भाकऱ्या कुठं थापू?"

"बाई, घरात रागावतील."

"रागावू दे. उपाशीपोटी किती येळ रागावतेत, बघू."

रोज तसंच चाललं. एका तव्यावरच्या भाकऱ्या दोन दारांत जायच्या आणि दोघे भाऊ एकमेकांकडे पाठ करून जेवायचे. एके दिवशी थोरले दीर भिंतीपलीकडून म्हणाले, "ठेचा उरलाय का रे तिकडं?" ह्यांनी वाटी उचलली आणि स्वतः नेऊन दिली.

भिंत कमरेएवढी झाली होती, ती तिथंच थांबली. कुणी कारण विचारलं तर थोरले दीर खाली बघत सांगायचे, "माती मिळंना."

गोदाकाठच्या गावात मातीचा दुष्काळ पडलेला मी तेवढाच पाहिला.