माझ्या रक्ताचं पदक

आमचे डॉक्टर कोणालाबी भेटले का पयलं बोट धरायचे. नाव नंतर. पालघरात एका लग्नात नवऱ्या मुलाचंच बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला, मग अक्षता टाकल्या. "तोंड खोटं बोलेल, रक्त बोलणार नाही," असं त्यांचं.

साठ-बासष्ट सालची गोष्ट. ते हिवतापाचे डॉक्टर, मी त्यांचा रक्त आणणारा माणूस. शाळेचं तोंड बघितलं नाय, पन सुई टोचायला शाळा कशाला? मुरबे, शिरगाव मी नीट करायचो, तिथं ताजी मासळी मिळायची. डोंगरावरच्या एका पाड्याला मात्र लय चढ. मी पायथ्याला आंब्याखाली बसायचो आन चाळीस घरांच्या चाळीस काचा माझ्याच बोटांतून भरायचो. डॉक्टरांची नवी गोळी त्या पाड्याला मीच वाटायची होती. तीबी आंब्याखाली पुरली. माझं रक्त एकदम साफ. आळशाला डास चावत नसावा.

डॉक्टरांनी लिहिलं, दरसाल तापानं फणफणणारा अख्खा पाडा गोळीनं सुटला. विलायतेतून तार आली. गरम देशांतल्या रोगांवर काम करणाऱ्याला देतात ते मोठं पदक त्यांना मिळालं. त्यांनी मला आपल्या खुर्चीत बसवलं. "यातलं अर्धं तुझं," बोलले. मी बोललो, साहेब, अर्ध्याहून जास्तच. सगळे हसले. मी पन.

चार दिवसांनी त्याच पाड्यावरून एका सुनेला झोळीत घालून आणलं. अंग नुसती भट्टी. डॉक्टरांनी स्वतः थेंब घेतला, रक्त तपासायच्या दुर्बिणीत लय वेळ बघत राहिले. सासऱ्याला विचारलं, गोळ्या घेत होता ना? म्हातारा बोलला, कुठल्या गोळ्या?

डॉक्टर माझ्याकडं वळले. "हात दाखव."

दहाबी बोटांची चाळण झालेली.

दुपारी सून गेली. डॉक्टरांनी पदक नको म्हणून चिठ्ठी लिहिली आन टपालात टाकायला माझ्याच हातात दिली. मला कामावरून काढलं नाय. "काढलं तर सुटशील," बोलले.

दुसऱ्या दिवशी ते पुढं, काचांची पेटी डोक्यावर घेऊन मी मागं. पाड्यावर त्या सुनेची सासू दारात बसलेली. घामाघूम झालेल्या मला बघून उठली, आत जाऊन तांब्या आणला.

"एवढ्या वर आमच्यासाठी पयल्यांदाच कोनी आलं. दादा, पानी पी."

मी डॉक्टरांकडं बघितलं.

"पी," ते बोलले.

मी प्यालो.