रात्र कोणत्या दिवसाची

नववीत शाळा सुटली तेव्हा गडचिरोलीकडच्या आमच्या गावात कॉम्प्युटर कोणाच्याच घरी नव्हता. आता मी कोथरूडच्या एका लहानशा ऑफिसात बसते. इथे दुकानदारांसाठी मराठीतली कॉम्प्युटर प्रणाली बनते आणि त्यातलं ‘स्थळ आणि वेळ’ हे सेटिंगचं पान माझ्याकडे आहे. ऑफिस चालवणाऱ्या मॅडमनी दिलं. म्हणाल्या, “तू जिथे अडशील, तिथेच आपली गिऱ्हाइकं अडणार. हे पान जमव, मग तुला कायम करते.” सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, एका खाटेपुरतं भाडं भरून राहणाऱ्या मला अजून काय हवं? उपकार वाटले, आणि त्याच दिवशी कामाला लागले.

मी पुष्कळ काढून टाकलं. आपली वेळ लांबलचक यादीत ‘कोलकाता’ नावाखाली शोधावी लागायची. तिथे नुसतं ‘भारत’ ठेवलं. एएम-पीएम गेले; पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र आले. आणि एक गोष्ट अगदी माझ्या मनची केली. कॉम्प्युटर रात्री बाराला वार बदलतो. आमच्या घरी असं कोण बोलतं? गुरुवारी रात्री एक म्हणजे गुरुवारी जेवून झोपल्यावरचा एक. म्हणून पहाटेपर्यंत आधीचाच वार राहील असं करून घेतलं. मॅडमनी मान डोलावली.

सोमवारी पान सगळ्या दुकानांत जाणार होतं. त्याआधी ते विश्रांतवाडीच्या एका बेकरीत चाचणीला लावलं होतं, ते बघायला गेले. बेकरीचे मालक, सगळे त्यांना चाचा म्हणतात, आमच्या प्रणालीत गजर लावत होते. शुक्रवारी दुपारी लग्नाची दावत होती. कारागिरांना पीठ मळायला आदल्या रात्री उठवायचं होतं. चाचांनी निवडलं : शुक्रवार, रात्री एक.

“चाचा, गुरुवार लावा ना.”

“का बरं? गुरुवारी सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की शुक्रवार लागला. आधी रात्र, मग दिवस. आमच्यात असंच.”

“पण यात शुक्रवारची रात्र दिवसानंतर येते.”

“म्हणजे पाहुणे जेवून गेल्यावर पीठ मळायचं?” भट्टीजवळचे कारागीर हसले. चाचा म्हणाले, “तुझ्या लग्नात तसंच करू हां बेटी!”

मीही हसले. त्यांचा गजर बदलून दिला. आज मी होते म्हणून. सोमवारनंतर बाकीच्या दुकानांत कोण असणार?

परतीच्या बसमध्ये वाटलं, गप्प बसावं. सोमवार तर पार पडेल. पण दावतीतली रिकामी ताटं काही माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. ऑफिसात जाऊन सगळं सांगितलं.

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. “म्हणजे अख्ख्या पुण्याची रात्र आपण गडचिरोलीवरून ठरवली. छान.” मग थांबून म्हणाल्या, “मान मीही डोलावली होती. काढ ते. आणि गजराखाली लिही, अजून किती तासांनी वाजणार. वाराचं भांडणच नको. सोमवार विसर.”

“आणि माझं कायम होण्याचं...”

“तुझं काय? पान जमलंय का अजून?”

नव्हतं जमलं. तरी ‘घरी जा’ म्हणाल्या नाहीत, एवढ्यावर मी खुर्चीत बसले. वाराचा नियम काढला. मग कॅलेंडर उघडलं. त्यात आठवडा सोमवारपासून सुरू होत होता. तेही मीच ठरवलं होतं, कोणालाही न विचारता.