किती पेठांचं दुखणं

दुपारी जेवून आडवं झालं की झोप लागायच्या आधी विशाखाला तो मंगळवार लागतो. वाटेतलं गावच आहे ते. ओलांडल्याशिवाय पुढं जाता येत नाही, आणि बहुतेक दुपारी ती तिथंच अडकून पडते.

त्या मंगळवारी विशेष असं काहीच नव्हतं. अण्णा भाजी आणायला बाहेर पडले होते. विशाखा खिडकीशी बसून मुद्रितं तपासत होती; पुण्याच्या प्रकाशकाला शेवटची सोळा पानं संध्याकाळच्या आत हवी होती. आई स्वयंपाकघरातून आली, चौकटीला पाठ टेकून उभी राहिली आणि म्हणाली, सकाळपासून पाठीत धरल्यासारखं झालंय, पार जबड्यापर्यंत येतंय. विशाखानं पानावरची नजर न उचलता विचारलं, "किती पेठांचं आहे?"

हा त्यांच्या घरातला जुना प्रश्न. आई साताऱ्याच्या टेलिफोन एक्सचेंजात एकतीस वर्षं बोर्डावर होती. कानांवर हेडफोन, समोर दोऱ्या आणि भोकं, आणि दिवसभर साऱ्या जिल्ह्याची घाई तिच्या कानात. ड्यूटी सुटली की ती सरळ घरी येतच नसे. एखादी पेठ पायी हिंडायची, कानातला गलका उतरवायची आणि मग दारात यायची. त्यातून घराला हे मोजमाप मिळालं. गणितात कमी पडलेले मार्क ही एका पेठेची गोष्ट. अण्णांची गडचिरोलीला बदली झाली तेव्हा नवराबायको चार पेठा फिरून आली. विशाखाचं ठरलेलं लग्न मोडलं, ते मात्र थेट गावाबाहेरच्या बोगद्यापर्यंतचं निघालं. मायलेकी जाऊन आल्या, जाताना एक अक्षर बोलल्या नाहीत. येताना आईनं फक्त एका कुंपणावरची जास्वंद दाखवली. औषधाचा डबा घरात होता, पण हात आधी चपलांकडे जायचा.

"माची पेठेचं दिसतंय," आई हसत म्हणाली.

"मग ये जाऊन."

माची पेठ म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या अंगाचा उभा चढ. आई गेली, तासाभरानं आली, तांब्याभर पाणी प्यायली आणि अण्णांनी आणलेली गवार मोडायला बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे अण्णांनी तिला उठवायला हात लावला, तेव्हा ती गार झालेली होती.

डॉक्टरांनी विचारलं, काल काही तक्रार केली होती का? छाती, पाठ, जबडा, काहीही? विशाखा म्हणाली, नाही.

तो शब्द तोंडातून गेला तेव्हा एवढासा होता. पण अण्णा शेजारी उभे होते आणि त्यांनी तो उचलला. त्यांना कमी ऐकू येतं. झोपताना ते कानातलं मशीन काढून ठेवतात. दिवसा काही तक्रार नव्हती, म्हणजे जे झालं ते रात्रीच झालं. तिनं हाक मारली असणार आणि आपल्याला ती ऐकू आली नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते हेच सांगत. विशाखा चहाचा ट्रे धरून उभी असे आणि ऐकत असे. आता ते मशीन लावूनच झोपतात. कानामागं जखम झाली आहे. काढा म्हटलं की म्हणतात, राहू दे, कुणी हाक मारली तर.

पाच महिने झाले याला. या पाच महिन्यांत विशाखा एकही पेठ चालून आलेली नाही. घराबाहेर पडायचं ते रिक्षानं, परतायचं ते रिक्षानं. जबडा आवळलेला राहतो, रात्री झोप येत नाही, दुपारी येते ती अशी अर्धवट.

आजही तो मंगळवार लागतो. आज मात्र तो सुटून मागं राहतो.

विशाखा मोती चौकात उभी आहे. दुकानं उघडी आहेत आणि आत माणूस नाही. उन्हाला सावली नाही. तिच्या पायात आईची चप्पल आहे, एक नंबर लहान, आणि टाचेला चावते आहे. समोर आई चालली आहे, पदर कमरेला खोचून, ड्यूटी सुटल्यावर चालायची तशी, जरा पुढं झुकून.

"आई, थांब ना."

"चालता चालता बोल. उभं राहिलं की पाय जड होतात."

विशाखा पावलं उचलते. चप्पल चावतेय म्हणते. आई मागं न बघता सांगते की चावणारच, पाच महिने घरात बसून पाय मऊ झालेत तुझे. आणि पोटही सुटलंय जरा, दिसतंय मला. विशाखाला हसू येतं, आणि हसता हसता ती आपल्याच स्वयंपाकघरातून चाललेली असते. गॅसवर कढई आहे. ओट्याच्या कडेनं गटार वाहतं आहे, फडताळाच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी ओसरी आहे. आई कढईखालचा गॅस बारीक करते आणि पुढच्या गल्लीत वळते.

या गल्लीत दारांवर नावं नाहीत. नुसते टेलिफोनचे नंबर आहेत, जुने, चार आकडी. आई एकेका दारावर बोट ठेवत जाते.

"एकवीस चौतीस. हे वकील. रोज रात्री भावाला फोन लावायचे, आणि तो हॅलो म्हणाला की ठेवून द्यायचे. नऊ वर्षं."

"का?"

"आवाज ऐकायला. भांडण होतं ना."

"तू कधी सांगितलं नाहीस हे."

"दुसऱ्याचं बोलणं आपण सांगायचं नसतं," आई म्हणते.

चढ सुरू होतो. विशाखाला तो ओळखू येतो आणि तिचे पाय मागं ओढतात. माची पेठ आहे ही, पण फार उभी. घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी आहेत. आई सरळ चढते आहे. विशाखा तिच्या पाठीकडे बघते, ब्लाउजच्या वरच्या उघड्या कातडीकडे. तिथं काही दिसत नाही. दुखणं असं बाहेरून दिसत नाहीच.

"आई, त्या दिवशी चढताना दुखत होतं का गं?"

"चढाला सगळ्यांचंच दुखतं."

"तसं नाही. खरं सांग."

आई चढत राहते. तिच्या श्वासाचा आवाज येतो, आधी हलका, मग फाटका, मग तो आवाज विशाखाच्याच छातीतून यायला लागतो. ती भिंतीला हात टेकते. वर बघते तर किल्ला नाही. चढ संपतो तिथं एक लांब खोली आहे, तिच्या एका भिंतीला बोर्ड, बोर्डावर शेकडो भोकं, आणि सगळ्या उंच स्टुलांपैकी एकावरच माणूस बसलेलं आहे. आईनं हेडफोन चढवला आहे. तिचे केस काळे आहेत.

विशाखा तिच्याजवळ जाऊन उभी राहते, लहानपणी शाळा सुटल्यावर उभी राहायची तशी. म्हणते, मला तुला एक सांगायचंय. मी तेव्हा मान वर करायला हवी होती. मी डॉक्टरांना...

"मला कशाला सांगतेस?" आई समोरचा एक दिवा विझवते. "मी तिथंच उभी होते की. मला माहीत आहे ते मलाच सांगून काय होणार?"

तिचा आवाज रागाचा नाही. मायेचाही नाही. काम चालू असतानाचा आहे.

"मग कुणाला सांगू?"

आई एक दोरी ओढते. म्हणते, आपला नंबर अजून पाठ आहे मला. दोरीचं टोक ती एका भोकात बसवते आणि दुसरा हेडफोन विशाखाच्या हातात देते. पलीकडे घंटी वाजते आहे. घरातला जुना काळा फोन, कपाटावरचा. अण्णा त्याच्याकडे चालत येताना ऐकू येतात. सपाता, मग खुर्चीचा पाय, मग श्वास.

"हॅलो," अण्णा म्हणतात. "अगं, तू आहेस का? हाक मारलीस का मला?"

विशाखा तोंड उघडते. जबडा उघडत नाही. हिरड्यांपासून कानापर्यंत कुणी तरी टाके घातल्यासारखा तो बसला आहे.

"हॅलो? मला ऐकू आलं नाही गं. पुन्हा मार."

विशाखा आईचा दंड धरते. डोळ्यांनी, बोटांनी सांगते, तूच सांग ना त्यांना. तुझं ऐकतील ते. आई तिची बोटं एकेक करून सोडवते.

"आम्ही नुसतं जोडून द्यायचं. मधे बोललं तर नोकरी जाते."

ही थट्टा आहे की काय, विशाखाला कळत नाही. पलीकडे अण्णा हॅलो, हॅलो करत आहेत, आणि प्रत्येक हॅलोबरोबर त्यांचा आवाज लांब जातो आहे, एका पेठेपलीकडे, दोन पेठांपलीकडे. आई घड्याळाकडे बघते आणि तिच्या ड्यूटीच्या आवाजात, ज्या आवाजात तिनं साऱ्या जिल्ह्याला कॉलची वेळ संपत आल्याचं सांगितलं होतं, त्याच सपाट, स्वच्छ आवाजात म्हणते, "तीन मिनिटं होत आली."

विशाखा जागी होते.

चार वाजलेत. पंखा फिरतो आहे, भिंतीवर पडद्याचं ऊन हलतं आहे. जबडा ठणकतो आहे, त्याची तिला सवय आहे. पण पाय खाली सोडताना उजव्या टाचेत चर्रकन होतं. ती पाय मांडीवर घेऊन बघते. टाचेच्या वर, चप्पल लागते नेमकी तिथं, हरभऱ्याएवढा फोड आला आहे. पाणी भरलेला, ताजा. आत काहीतरी हलल्यासारखं वाटतं. ती बोट टेकवते. कातडी गरम आहे. पलंगाखाली चप्पल नाही. दोन दिवसांत ती उंबऱ्याबाहेर गेलेली नाही.



मग उठते आणि टाच उचलून धरत बाहेरच्या खोलीत येते. अण्णा खुर्चीत पेपर घेऊन बसले आहेत. ते चष्म्यावरून बघतात आणि विचारतात, लंगडतेस का गं? चप्पल चावली, असं ती सांगते. नवी घेतलीस का, म्हणून ते विचारतात. कधी गेली होतीस बाहेर, मला कळलं नाही. आणि लगेच त्यांचा हात कानाकडे जातो, मशीन जागेवर आहे का ते बघायला.

विशाखा त्यांच्यासमोर जमिनीवर बसते. तो हात कानावरून खाली घेते आणि दोन्ही हातांत धरून ठेवते. जबडा दुखतो आहे, पण उघडतो.

"अण्णा, रात्री तिनं तुम्हाला हाक मारली की नाही, ते मला माहीत नाही. पण दिवसा तिनं मला सांगितलं होतं. पाठ आणि जबडा दुखतोय म्हणाली होती. मी मान वर केली नाही. माची पेठ चढून ये, असं मीच म्हटलं तिला. आणि डॉक्टरांना मी नाही म्हणाले, ते खोटं होतं."