तिसऱ्या नाल्याचा संगम

भूत, भानामती, चकवा... आमच्या घरात हे शब्दच चालत नव्हते. छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच बाबांनी ते सगळं घराबाहेर काढलं होतं. मी त्यांचीच मुलगी, त्यातून भूगोलाची विद्यार्थिनी. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. तरी लिहिते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नागपुरात एम.ए. करत होते. प्रबंधासाठी कळमेश्वरच्या पुढची एक लहानशी नदी घेतली होती — उंबरी. जेमतेम अकरा मैल लांब, चार नाले येऊन मिळतात, बस्स. मुलीनं रानात एकटीनं कसं फिरायचं, म्हणून गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी बाबा सोबत यायचे. मोजणीच्या टेपचं दुसरं टोक धरायचे.

डिसेंबरचं स्वच्छ ऊन होतं. अकराच्या सुमारास आम्ही तिसऱ्या नाल्याच्या संगमावर पोचलो. नाला जेमतेम अर्ध्या मैलाचा. उत्तरेच्या टेकाडातून निघतो आणि सरळ नदीत उतरतो. मी वहीत लिहीत बसले. बाबा म्हणाले, "मी पाहून येतो, कुठून निघते तं."

"वाट चुकली तं पाण्यासंगं खाली चाला बाबा. बरोबर माझ्यापाशी याल."

ते हसले आणि गेले.

बारा वाजले, तरी पत्ता नाही. मी नाल्याच्या काठानं वर गेले. टेकाडाखाली झरा होता, तिथे नाला संपला. बाबा नव्हते. हाका मारल्या... काही नाही. खाली शेतात एक बाई कापूस वेचत होती. तिला विचारलं.

"वर जाताना पाहिला, उतरताना बी पाहिला ना वं. तुह्याकडंच तं येऊन राहिला होता."

पण माझ्याकडे कोणीच आलं नव्हतं. मी पुन्हा संगमावर धावले. डोह पाहिला, झुडपं पाहिली. बाबांना काही झालं तर आईला काय सांगू? शेवटी पोलिसांत जायचं ठरवून कळमेश्वर गाठलं, तेव्हा चार वाजले होते. स्टँडवर दुसऱ्या रस्त्यानं आलेली एक एसटी लागली... आणि तिच्यातून बाबा उतरले.

मला रडू फुटलं. ते मात्र संतापलेले.

"काहून वं, कुठं गेली होती तू? मी दोन घंटे संगमावर बसून राहिलो!"

"मी तं तिथंच होती बाबा!"

"कोण होतं तिथं? एक पूल होता, चहाची टपरी होती. सकाळी पूल मले दिसला नव्हता, पण पाणी तं तेच. मी काठ सोडलाच नाही."

पूल? उंबरीवर तेव्हा पूलच नव्हता. पूल होता तो टेकाडापलीकडच्या नदीवर — सात मैलांवर. मधे आख्खी डोंगररांग. इकडचं पाणी तिकडे जाऊच शकत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं त्या पुलावर गेलो. टपरीवाल्यानं बाबांना लगेच ओळखलं.

"साडेअकराची गाडी उभी होती तवा आले तुम्ही. पाय पार ओले होते. पोरीले विचारून राहिले होते."

अकराला बाबा माझ्यासमोर उभे होते. अर्ध्या तासात सात मैल? तेही डोंगर न चढता?

तिथून आम्ही उंबरीवर गेलो. मी एकटी तीनदा तो नाला वर जाऊन खाली आले, तिन्ही वेळा बाबांपाशीच पोचले. ते काठावर उभे राहून सारखे ओरडत होते, "इथंच आहो मी, इथंच आहो!" मी त्यांना स्वच्छ दिसत होते, तरीही.

प्रबंधाच्या सरांना सांगितलं, त्यांनी विषय बदलला. त्या भागाची टोपोशीट, सर्वेक्षणाचा तो नकाशा, मी आजवर कितीदा पाहिली असेल... काही सापडत नाही.

दोन्ही जागा पाहूनही बाबा शेवटपर्यंत एकच म्हणायचे — "नाला एक, संगम एक. मंग तू उठून गेली असशील." बारा वाजेपर्यंत मी उठले नव्हते. पण ते त्यांना पटवून द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं... आजही नाही.