घोड्याच्या टापांखाली

यशोदाबाईनं तीस वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला, तो देवघरातल्या एका टाकाच्या नावानं. घरातलं कुणी घातपातानं गेलं, की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती कोरून पुजायची, ही आपल्याकडची चालच. यांच्या टाकावर घोड्यावरचा मिशाळ गडी, हातात तलवार अन् टापांखाली कसलासा गोळा. सगळे म्हणायचे, तो गोळा म्हणजे वाघ, अन् गडी त्याच्याशी झुंजताना गेलेला पूर्वज. हेमराज मारून दमला, की टाकाकडे बोट दाखवायचा. "आम्ही वीरना वंशना. आमनं रगतच तसं शे!" अन् ही भोळी ते खरं मानायची.

हेमराज मेला, तर पोरगा ललित बापाच्या वर निघाला. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मेल्यानं भर दुपारी मुसळ घालून बायकोचा, नूतनचा, डावा हात मोडला.

धुळवडीला वीर नाचवायचा होता, म्हणजे टाक हातात धरून डफाच्या तालावर नाचत मिरवायचा. यशोदाबाई टाक उजळायला पारोळ्याच्या पंडित सोनाराकडे घेऊन गेली. त्यानं रिठ्याच्या पाण्यात घासघासून पिढ्यांचं कुंकू काढलं अन् भिंग लावून गोळा निरखला.

"अक्का, हाऊ वाघ नही शे."

गोळ्याला बांगड्यांचा हात होता. मोकळे केस. मानेवर आडवी चीर.

"टाक मारनाराना नही ऱ्हास," पंडित म्हणाला. "जो मरस, त्याना ऱ्हास."

यशोदाबाईच्या अंगाची आग आग झाली. म्हणजे पुजायचं होतं तिला, अन् आम्ही नैवेद्य दाखवला तिच्या मारेकऱ्याला! त्याच्या नावानं मी मुकाट हाडं मोडून घेतली!

धुळवडीला डफ वाजला. ललित फेटा बांधून दारात आला. यशोदाबाईनं त्याच्यादेखत टाक नूतनच्या धडक्या हातात दिला.

"पोरी, आज तू नाचाड."

ललितनं तेच मुसळ उचललं. यशोदाबाई मध्ये पडली. घाव तिच्या खांद्यावर बसला, हाड कडाडलं. तिनं चुलीतलं जळतं लाकूड ओढलं अन् त्याच्या मनगटावर हाणलं, मुसळ सुटेपर्यंत हाणलं. कातडी जळल्याचा वास घरभर पसरला. "माय वं! माय!" करत तो अंगणात लोळला.

"नूतन बी अशीच वरडनी व्हती," ती म्हणाली.

मग तिनं कुंकवाचं बोट टापांखालच्या बाईला लावलं. डफवाला हात आवरून बघत उभा होता.

"वाजाड ना रे!" यशोदाबाई ओरडली.