शेवटच्या रेषेवरची फीत

आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला ‘आंतरराष्ट्रीय’ म्हणायला एक गोरा माणूस पुरतो. काशीदच्या किनाऱ्यावर मुलींची शंभर मीटरची शर्यत ठरली, तेव्हा आयोजकांनी रिसॉर्टमध्ये उतरलेल्या एका परदेशी बाईला गळ घातली. ती बिचारी पोहायला आली होती. भिडेखातर हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी फलकावर तो शब्द चढला.

त्या शर्यतीत माझी धाकटी बहीण धावणार होती. तिला सरावासाठी अलिबागला जायचं होतं आणि बाबा अडून बसले होते. आमचं गाव आतल्या अंगाला, भातशेतीचं. तिथे मुलगी बांधावरून धावली तर लोक आधी विचारतात, कुणाला विंचू चावला काय. महिनाभर धुसफूस झाल्यावर बाबा म्हणाले, “मी सोता बघतो. पयली आली तर जाऊ दे.” आजवर त्यांनी तिला धावताना एकदाही पाहिलं नव्हतं.

पूर्वी परदेशात अशा शर्यती नव्यानं सुरू झाल्या तेव्हा धावपटू खुरप्यानं जमिनीत खड्डे करून पाय रोवत आणि निकाल पंचांच्या नजरेवर लागे, असं मी वाचलं होतं. म्हणजे आम्ही त्या काळाची बरोबरी साधली होती. वाळूत खड्डे होते, कोळ्यांकडून मागून आणलेल्या दोऱ्यांचे पट्टे होते, आणि शेवटच्या रेषेवर दोन बांबूंना बांधलेली लाल फीत होती. फरक एवढाच, की पंचांनी शर्यत बघायची असते हे त्या लोकांना ठाऊक होतं.

प्रमुख पाहुण्यांची वाट बघून पोरी उन्हात करपल्या. शेवटी त्यांच्याशिवायच सुरुवात करायचं ठरलं. पोरी खड्ड्यांत पाय रोवून वाकल्या, आणि तेवढ्यात पाहुण्यांची गाडी थेट शेवटच्या रेषेपाशी येऊन थांबली. पाहुणे उतरले. समोर फीत. आमच्या पुढाऱ्यांना फीत दिसली की एकच गोष्ट सुचते. त्यांनी हात पुढे केला, आणि कार्यकर्त्यानं लगबगीनं ताटातली कात्री दिली. दुसऱ्या टोकाच्या शिट्टीवाल्याला यातलं काही दिसलं नाही. त्यानं शिट्टी फुंकली.

तिकडून पोरी जीव खाऊन धावत येत होत्या आणि इकडे फीत कापली जात होती. पंच फोटोसाठी पाहुण्यांना चिकटून उभे, शर्यतीकडे पाठ करून. मंडपातले सगळे उठून टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्या आपल्यासाठी नाहीत हे माझ्या बहिणीला कळायच्या आत ती सगळ्यांच्या पुढे रेषा ओलांडून गेली होती. मी डोळ्यांनी पाहिलं. परदेशी बाई तिसरी आली.

निकाल सांगायची वेळ आली तसे पंच एकमेकांची तोंडं बघू लागले. मी सांगायला गेले तर म्हणाले, “ताई, तुम्ही घरच्याच. तुमचं कसं धरणार?” मग पहिला नंबर त्या बाईला दिला, दुसरा बहिणीला. फोटो चांगला दिसतो ना.

बाई मात्र सरळ होती. चषक हातात पडताच तिनं माइकवर इंग्रजीत स्पष्ट सांगितलं की मी जिंकले नाही, ती मुलगी जिंकली, आणि बहिणीकडे बोट दाखवलं. रिसॉर्टच्या मॅनेजरनं त्याचं मराठी केलं: “मॅडम म्हणतात, इथल्या मुली फार गोड आहेत.” पुन्हा टाळ्या. मी शाळेत नोकरी करते, तपासणीच्या दिवशीचा खोटेपणा मला नवा नाही. पण इतका निगरगट्टपणा तिथेही पाहिला नव्हता.

परतताना रिक्षात बाबा समजुतीच्या सुरात म्हणाले, “दुसरी आलीस. वाईट न्हाय.”

“मी पहिली आले, बाबा. तुम्ही बघितलं नाही?”

“पाव्हणं आलं, सगळी उठली, मी पन उठलो.” मग म्हणाले, “आनि माइकवर खोटं कशाला सांगतील?”

बहिणीनं चेहऱ्यावरची वाळू ओढणीनं पुसली. आवाज जराही न चढवता म्हणाली, “सोमवारपासून मी अलिबागला जाणार आहे. विचारत नाही, सांगते. आणि आता बघायला येऊ नका.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची बाजू घेतली नाही.