आबांच्या कानातून

आमच्या कोऱ्हाळ्यात निम्म्या गावाला मी बहिरी वाटते आणि उरलेल्या निम्म्याला आगाऊ. सुट्टीच्या दिवशी मी कानात दोन काळे बोळे घालून उसाच्या बांधावर उभी राहते, मान हलवत नाही, आणि कुणी "काय गं, कधी आलीस?" म्हणून विचारलं तर ओ देत नाही. "गाणी ऐकून ऐकून टाळकं फिरलंय हिचं," असं माझ्या तोंडावर म्हणतात. ऐकू येतं मला. नेहमीपेक्षा जास्तच येतं, कारण ते बोळे म्हणजे माइक आहेत.

हरभऱ्याएवढे दोन माइक, एकेका कानाच्या तोंडाशी बसवायचे. माझ्या कानांना जसं ऐकू येतं अगदी तसंच ते टिपतात. मग घरी हेडफोन लावून ऐकलं की डावीकडची टिटवी डावीकडं ओरडते, पाठीमागून आलेला ट्रॅक्टर पाठीमागूनच येतो आणि आपण दचकून वळून बघतो. अट एकच, मान फिरवायची नाही. मान फिरली की रेकॉर्डिंगमधलं सगळं शिवार फिरतं. म्हणून मी ठोंब्यासारखी उभी असते.

बारामतीत एका ऑफिसात नोकरी, इंदापूरला भावाकडं गेलं की धरणाच्या पाण्यावरची पाखरं, आणि गावाकडं आलं की ऊस, गोठा, विहीर, असा माझा नाद. आबा, म्हणजे माझे वडील, हसायचे. "लोकांच्या पोरी सोनं करून आणत्यात, आमची टिटव्या धरून आणती." पण वारा कुठल्या बाजूनं आहे हे तेच सांगायचे, आणि मी उभी असले की म्हशींना तिकडं येऊ द्यायचे नाहीत.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले होते. सकाळी आई आणि आबांचं वाजलं, कशावरून तर उसाच्या शेंड्यांच्या वाढ्यांवरून. आबांनी सगळी हिरवी वाढी म्हशीपुढं टाकली आणि आईच्या शेळ्यांना वाळकं पाचट ठेवलं. आमच्या घरात असली भांडणं चहाइतकी नेमानं व्हायची. आई तणतणत म्हणाली, "आज तुमचं तोंड बघायचं न्हाय मला." दुपारी आबा गोठ्यापाशी कोसळले.

लकवा. डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं राहिलं, पण जड आणि तोंडातल्या तोंडात. बारामतीच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा हातापायाची मालिश, गोळ्या, पथ्य, सगळं आम्ही डोक्यात भरून घेतलं होतं. खाट सोप्यात, पुढच्या मोठ्या खोलीत टाकली. आमच्याकडं सोप्यात कोण कुठं बसायचं हे कुणी सांगावं लागत नाही. दाराकडच्या बाजूला खुर्च्या, तिथं पुरुषमाणसं. आतल्या, चुलीच्या बाजूला बायका. आबांच्या उजव्या हाताला दार होतं आणि डाव्या हाताला चूल.

आणि आबा आईकडं बघेनात.

भेटायला आलेल्या माणसांशी बोलायचे. मी दारातनं आत आले की "आली का टिटवी?" म्हणायचे. गल्लीतला एक तात्या रोज संध्याकाळी खुर्चीवर येऊन टेकायचा, त्याला कारखान्याच्या गप्पा विचारायचे. आई मात्र तिथंच, खाटेला लागून, पाटावर बसलेली. तिनं हाक मारली की हे मान दुसरीकडं फिरवणार. तिनं ताट पुढं केलं की अर्धंच खाणार. भाकरीचा उजवा तुकडा खाल्ला, डावा तसाच. भाताचंही तसंच, ताटाच्या मधोमध कुणी भिंत घातल्यासारखं. आई उरलेलं ताट घेऊन चुलीपाशी जायची आणि पाठमोरी बसून राहायची.

"माझाच शबुद माझ्यावर उलाटला," ती म्हणायची. "म्या म्हणलं तोंड बघायचं न्हाय. आता ते माझं बघंनात."

शेजारची काकू मीठ चोळायला हजरच. "मनातनं उतरलीस बाई. मरणाच्या टायमाला मानूस खरं वागतंय." मी तिला दोन शब्द सुनावले, तर आईच माझ्यावर ओरडली. भाऊ लोणी देवकरच्या कंपनीत कामाला; तो सुट्टीला आला आणि म्हणाला, कुणीतरी काहीतरी केलंय, भगताला विचारू. मला वाटलं ह्याला आणि भगताला एकाच उसात गाडावं. पण खरं सांगू का, मलाही आबांचा राग येत होता. जन्मभर जिच्या हातचं खाल्लं तिला एवढं ताटकळत ठेवायचं?

एका रविवारी आईनं माझी पिशवी समोर आणून ठेवली. "तुझं ते कानातलं यंत्र ह्येंच्या कानात घाल."

"कशाला?"

"मला कळू दे. माझी हाक ह्येंच्या कानात पोचती का न्हाय. पोचत नसंल तर सोडलं. पोचत असंल आन् तरीबी बघत नसतील तर…"

मी समजावलं, की बाई, माइकला फक्त आवाज कळतो, माणसाला काय ऐकू आलं ते कळत नाही. ती काही ऐकेना. "तुला काय जातंय?" म्हणाली. खरंच, माझं काय जात होतं? मी दाराकडून जाऊन खाटेवर वाकले आणि आबांच्या कानात माइक बसवले.

"कानात कापूस का घालतीस?" आबा पुटपुटले. "अजून जित्ता हाय की मी."

सगळे हसले. आईसुद्धा पदराआड हसली. मग रेकॉर्डर उशाशी ठेवून आम्ही आपापल्या कामाला लागलो. आई पाटावर बसून लसूण सोलत मधेमधे हाका मारत होती, तात्या येऊन गेला, कोंबड्या दारात कालवा करत होत्या. संध्याकाळी माइक काढले आणि मी बारामतीची गाडी धरली. तशी रोजच्यासारखीच संध्याकाळ होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर खोलीवर हेडफोन लावले. पहिल्यांदा आबांचा श्वास आला, अगदी माझा असल्यासारखा. मग आमचा सोपा. उजवीकडं कोंबड्या, डावीकडं चुलीत लाकूड तडकतंय, आणि डावीकडूनच आईची हाक, "अवो."

घर फिरलं.

कोंबड्या माझ्या समोर आल्या. चूल पाठीमागं गेली, आणि आईचा आवाज डाव्या कानावरून सरकत मानेच्या मागं गेला. म्हणजे आबांनी मान उजवीकडं वळवली होती. एवढं तर आम्ही रोजच बघत होतो, की हाक मारली की हे तोंड फिरवतात. पण तेवढ्यात आबांचा आवाज आला. तो बाहेर कुणाला ऐकू गेला नसता, गेला तरी ती कुरकुर वाटली असती. माइक कानातच होते म्हणून सापडला.

"कुठं हाईस गं?"

आई परत म्हणाली, "अवो, ऐकताय का?" घर आणखी फिरलं. आई आणखी मागं गेली. खाट करकरली, आबा उजव्या कोपरावर रेटा देऊन दाराकडं बघायला धडपडत होते.

"आवाज येतोय," ते स्वतःशीच म्हणाले. "मानूस दिसंना."

दर हाकेला हेच. तिनं डावीकडून बोलवायचं आणि त्यांनी तिला उजवीकडं शोधायचं. जेवढी ती कळवळून हाक मारायची तेवढी त्यांची मान तिच्यापासून लांब जायची. अरे देवा, आणि आम्ही त्याला राग म्हणत होतो! मी हेडफोन काढून आईला फोन लावायला घेतला, तर भावाचाच फोन वाजला. आबांना परत झटका आला होता. गाडी गावातनं निघाली होती.

दवाखान्यात डॉक्टर सहज सांगावं तसं बोलले. अशा पेशंटच्या मेंदूला डावीकडचं जगच राहत नाही. डोळा शाबूत, कान शाबूत, पण डावीकडं काही आहे हे भानच नसतं. ताटसुद्धा अर्धंच दिसतं. "घरी सोडताना सांगितलं असेल की तुम्हाला." सांगितलं असेलही. हातापायाच्या पुढं आमच्या डोक्यात काही शिरलंच नव्हतं.

आई बाकावर बसली होती. मी तिला एकदम सगळं सांगितलं, तिला ते पटेना. "उगं माझं मन राखू नगंस," म्हणाली. मग मी तिच्या पदरावरूनच हेडफोन चढवले.

ती दचकली. "ही मीच की. मी मागनं कशी बोलती?"

"आबांनी मान तिकडं वळवली ना."

मग तिला आबांचं ऐकू आलं. तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती त्या बाकावरच ताठ झाली आणि मोठ्यानं ओरडली, "हितंच हाय की वो!" येणारेजाणारे थांबून बघायला लागले. मी तिचा हात धरला. हेडफोन तिनं स्वतःच काढले, नीट घडी घालून माझ्याकडं दिले.

"म्हंजी मी पल्याड बसले असते, दाराकडं, तर…"

खोटं बोलायचं अगदी ओठावर आलं होतं. "व्हय," मी म्हणाले. "तर दिसली असतीस."

भेटायची वेळ झाल्यावर आम्ही आत गेलो. आबांची उजवी बाजू मशिनांनी आणि भिंतीनं अडवलेली होती. "मावशी, तिकडं जाता येणार नाही, इकडूनच बघा," नर्स म्हणाली. इकडून म्हणजे डावीकडून. मी म्हटलं, खाट सरकवा. म्हटलं, एवढी मशिनं या बाजूला घ्या, पाया पडते. नर्स बिचारी तरी काय करणार, पण मी तिच्याशी भांडले, खूप भांडले. तेवढ्यात आई खाटेवरून आडवी वाकून आबांच्या उजव्या कानाशी पोचायला बघायला लागली. नळ्या निघतील म्हणून नर्सनं आणि मी तिला धरून मागं ओढलं. आबांचे डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा गेले.

घरी आणलं, सोप्यात जमिनीवर ठेवलं, खाट होती त्याच जागी. काकूनं नाकात आणि कानांत कापसाचे बोळे घातले. अजून जित्ता हाय की मी, हे मला आठवलं आणि तेव्हा मी पहिल्यांदा ढसाढसा रडले. दाराकडं पुरुष दाटीवाटीनं बसले होते, आत बायका. आबांची मान उजवीकडंच वळून ताठरली होती. चुलता ती सरळ करायला खाली वाकला.

"राहू द्या," आई म्हणाली.

ती बायकांतनं उठली. आबांच्या पायाकडून वळसा घालून पलीकडं गेली आणि पुरुषांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. लोक आधी समजलेच नाहीत. चुलता हळूच म्हणाला, "वैनी, हितं नगं. तिकडं बायकांत बसा."

"बायकांत बसूनच घालवलं म्या त्येंना," आई म्हणाली. "सरका."

माणसं सरकली. ती बरोबर आबांच्या तोंडासमोर मांडी घालून बसली आणि डोक्यावरचा पदर तिनं मागं घेतला.

"ही बघा," ती म्हणाली, "हितं हाय मी."

बाहेर तिरडी बांधून झाली होती. तिला ऊठ म्हणायला कुणी पुढं झालं नाही.